जातानाची सीट, येतानाची सीट

संध्याकाळी वावरातून सांबार घरी आला की आमच्या घरात माणसांना बसायला जागा राहायची नाही. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. भातकुलीकडच्या गावात आमची टिनाची एक खोली, तिच्यात आई, बाबा, मोठा भाऊ आणि मी. अर्ध्या जमिनीवर सांबार, उरलेल्या अर्ध्या जमिनीवर मेथी आणि पालक, आणि मधे पाय टेकेल तिथं उकिडवे बसून आम्ही जुड्या बांधायचो. वावर दुसऱ्याचं, बटाईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं केलेलं. विहीर होळीच्या आधीच तळाला जायची. मग भाऊ बैलबंडीवर ड्रम ठेवून दुरून पाणी आणायचा. दहावीनंतर त्याची शाळा त्या ड्रमापायीच सुटली. बाबा सातवीपर्यंत गेलेले, आईनं शाळा फक्त बाहेरून पाहिलेली. एखाद्या उन्हाळ्यात सगळी भाजी उभी वाळून जायची आणि मग दोघं लोकांच्या वावरात कामाला जायचे.

हे सांगायचं कारण एवढंच, की त्या खोलीत पुस्तक उघडायला जागा नव्हती. एकदा मी रसायनशास्त्राची वही जुड्यांच्या बाजूला ठेवली तर ती पालकाबरोबर बांधली गेली आणि बाजारात पोचली. आईनं ती वापस आणली, पण तिला शेवटपर्यंत पालकाचा वास आला. बारावी मी चांगल्या मार्कांनी काढली होती आणि हट्टानं अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला नाव टाकलं होतं. वाचायला मला एकच जागा होती, आणि ती घरात नव्हती. ती होती एसटीची सीट.

आमच्या गावाला मुक्कामी गाडी यायची. रात्री देवळापुढं उभी राहायची आणि सकाळी अमरावतीला निघायची. पहिलं गाव आमचंच, म्हणून सकाळी सीट हमखास मिळायची. बाबा आणि भाऊ भाजीची गाठोडी चढवायचे, बाजाराला निघालेली आई गाडीच्या दारापाशीच उभी राहायची आणि मी तिसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसून पुस्तक उघडायची. पुढच्या फाट्यावर कोणी तरी म्हातारं माणूस चढायचं, आणि मी उठायची.

यात माझा चांगुलपणा नव्हता. आमच्या घरचा तो नियम होता आणि त्याला कारण होतं. एसटीत सामानाला जागा असते ती बॅगेपुरती. आमची गाठोडी लोकांच्या पायात, सीटखाली, ड्रायव्हरच्या मागं, कुठंही असायची. सीटांवर लिहिलेलं असायचं महिला, अपंग, विधानसभा सदस्य. आमदार काही आमच्या गाडीत कधी चढले नाहीत, त्यामुळं त्या सीटखाली आमची पत्ताकोबी कायमची असायची. लोक पाय आखडून बसायचे आणि बोलायचे नाहीत. म्हणून बाबांनी मला लहानपणीच सांगून ठेवलं होतं, "आपला माल लोकाइच्या पायात हाये. त्याइनं पाय आखडाचे अन् आपण शीटवर पसरून बसाचं, हे नाई जमत. म्हातारं माणूस दिसलं का उठाचं. कोनी सांगाची वाट नाई पाहाची."

त्यामुळं आमच्या घरचं कोणीही त्या गाडीत पूर्ण रस्ता बसून गेलं नाही. आई तर बसतच नव्हती. त्याच दिवसांत बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं आणि गाडी बायकांनी भरून गेली. पुरुष मंडळींना ते जरा टोचलं. एक जण रोज कोणाला ना कोणाला म्हणायचा, "अर्ध तिकीट अन् पूर्ण शीट, मजा हाये बाप्पा तुमची." एक दिवस तो आईला बोलला. आई दांडा धरून उभी होती. ती कंडक्टरला म्हणाली, "भाऊ, मी त शीटच घेत नाई. मंग माह्या अर्ध्याचं बी अर्ध करा, अन् उरलेलं या भाऊले द्या." त्या माणसानं तो विषय पुन्हा काढला नाही.

पहिल्या सत्राचा निकाल लागला आणि मी दोन विषयांत अडकले, भौतिक आणि रसायन. इतिहास-मराठी उभ्यानं वाचता येतं. एका हातानं वरचा दांडा, दुसऱ्या हातात पुस्तक, जमतं. पण रसायनशास्त्र लिहून पाहावं लागतं. त्याला मांडी पाहिजे, मांडीवर वही पाहिजे आणि दोन्ही हात मोकळे पाहिजेत. घरी जुड्या, गाडीत उभी. लिहायचं कुठं?

बाबांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, घरी आले. त्यांनी ओट्यावर बसून पाणी पिलं आणि निकाल दिला. "अकोल्याकडची सोयरीक हाये. पोरगा चांगला हाये, वावर हाये. पोरगी हुशार हाये म्हंता म्हणून आमी थांबलो. आता या खेपेले सारे इषय सुटले त शिकू द्या. नाई त कॉलेज बंद." बाबांनी मान हलवली. आपल्या मोठ्या भावापुढं बाबा कधी बोलले नाहीत. मी आईकडे पाहिलं, आई चुलीकडे पाहत होती. म्हणजे उन्हाळ्यातली परीक्षा, तेवढीच एक संधी मला होती.

त्या दिवसापासून मी सकाळी सीटवर बसले की देवाला म्हणायची, आज फाट्यावर कोणी नको. आणि फाट्यावर रोज एक आबाजी उभे असायचे.

पांढरं धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर पांढरा दुपट्टा, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. वय अठ्ठ्याहत्तरच्या घरात, पण पायरी अशी चढायचे की कंडक्टरलाच बाजूला व्हावं लागायचं. चढले की ते सरळ तिसऱ्या रांगेपाशी येऊन उभे राहायचे आणि घसा खाकरायचे. मी वही मिटायची आणि उठायची. ते बसायचे, माझी बॅग मांडीवर घ्यायचे, कारण उभ्या माणसाचं ओझं बसल्या माणसानं मांडीवर घ्यायचं ही आमच्याकडची रीत आहे, आणि अमरावती येईपर्यंत बॅगेवर हात ठेवून खिडकीतून बाहेर पाहत राहायचे. आठवडेच्या आठवडे असं चाललं. मला वाटायचं, दवाखाना असेल, कोर्टात तारीख असेल, पेन्शनचं काम असेल. म्हाताऱ्या माणसाला कामं असतात.

एक दिवस न राहवून मी विचारलं, "आबाजी, तुमी रोज कुठं जाता?"

"कुठं नाई," ते म्हणाले. "डेपोत जातो. च्या पेतो. पेपर पायतो. ओळखीचं कोनी भेटलं त बोलतो. मन झालं त गिला वडा खातो, अन् दुपारच्या गाडीनं वापस."

"रोज?"

"आता पंच्याहत्तरीच्या वरच्याइले गाडी फुकट झाली न बाई. घरी बसून काय करू? पोरगा वावरात, सून कामात, नातू पुण्याले. घरी मी अन् कुत्रं. ते बी झोपते."

मी हातातल्या वहीकडे पाहिलं. सहा रेषांचं एक कडं काढता काढता अर्ध्यात राहिलं होतं. माझ्या तोंडून निघालं ते मी आजही मागं घेणार नाही. "आबाजी, तुमच्या चहापायी मी नापास होऊन राहिली."

गाडी हसली. खरोखर पुढून मागंपर्यंत हसली. दारातून आईचा आवाज आला, "तोंड आवर वं." आबाजी हसले नाहीत. त्यांनी माझी बॅग माझ्या हातात दिली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी ते चढले आणि तिसऱ्या रांगेकडे आलेच नाहीत. दारापाशी आईच्या शेजारी दांडा धरून उभे राहिले.

मी उठले. "या न आबाजी, बसा."

"नाई. मी कोनाले नापास कराले नाई आलो."

आता झाली पंचाईत. म्हातारं माणूस उभं आणि मी बसलेली, हे बाबांनी शिकवलेल्या शरीराला जमेना. मांडीवर वही उघडी होती पण पेन चालेना. मी उठून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. "मंग मी बी नाई बसत."

"नको बसू."

"नाईच बसत."

गाडी खचाखच भरलेली. माणसं एकमेकांच्या पायांवर उभी, आणि तिसऱ्या रांगेत खिडकीची सीट रिकामी. ती आमची म्हणून दुसरं कोणी बसेना, आणि आम्ही दोघंही बसेना. कंडक्टर तिकीट फाडत तिथवर आला आणि थबकला. "काऊन, या शीटवर देव बसवला काय?" त्यानं मागच्या लोकांकडे पाहिलं. "अरे कोनी तरी बसा न बाप्पा. मले वाकाले जागा नाई अन् इथं शीट मोकळी." शेवटी भातकुलीला एक बाई कडेवर एक आणि बोटाला एक अशी दोन लेकरं घेऊन चढली. तिनं सीट पाहिली, आमच्याकडे पाहिलं, म्हणाली, "भांडा तुमी निवांत," आणि बसली.

हे पुढंही चालू राहिलं. ते बसेनात, मी बसेना, आणि आमच्या भांडणाचा फायदा भातकुलीच्या बायकांना झाला. गाडीतले लोक रोज फाटा आला की आमच्याकडे पाहायला लागले. ड्रायव्हरसुद्धा आरशातून. आई मात्र आबाजींच्या शेजारीच उभी असायची, आणि आमच्या आईजवळ उभं राहून कोणी गप्प राहू शकत नाही. तिनं एका सकाळी त्यांना सगळं सांगून टाकलं. दोन विषय, मोठेबाबा, अकोल्याची सोयरीक, घरातल्या जुड्या, मांडीवरची वही. मी तिसऱ्या रांगेजवळून ऐकत होते. आबाजींनी फक्त एवढं विचारलं, "हे पोट्टी वापस कवा येते?"

"प्रॅक्टिकल झालं का. चारच्या गाडीनं."

"त्या गाडीत भेटते शीट?"

"त्या गाडीत पाय टेकाले जागा भेटत नाई."

ते खरं होतं. चारची गाडी म्हणजे सगळ्या शाळा-कॉलेजं, दवाखाने आणि बाजार एकाच वेळी घरी निघालेले. गाडी फलाटाला लागायच्या आधीच लोक तिच्याबरोबर पळायला लागायचे आणि खिडक्यांतून सीटा धरायचे. आमच्याकडे त्याचे नियम आहेत आणि ते सगळ्यांना पाठ आहेत. सीटवर कापड पाहिजे. रुमाल चालतो, टोपी चालते, ओढणी चालते. पाण्याची बाटली चालत नाही, कारण ती गडगडते. वर्तमानपत्र चालत नाही, कारण ते कोणाचंही असू शकतं. एकानं एकदा खिडकीतून नातू आत सोडला होता, तो मात्र चालला. आणि कापड टाकायचं ते स्वतःसाठी किंवा घरच्यांसाठी. परक्यासाठी टाकलेलं कापड लोक उचलून हातात देतात.

मी कॉलेजातून पळत डेपोत पोचायची तोवर खिडक्यांची सगळी कापडं पडून गेलेली असायची. त्या दिवशीही पोचले तेव्हा गाडी भरली होती. मी दाराकडे निघाले तर खिडकीतून आवाज आला. "ए पोट्टी. तिकडं कुठं चालली? इकडं ये."

आबाजी. दुपारी घरी जाऊन जेवणारे, झोपणारे आबाजी चार वाजता गाडीत बसलेले होते आणि त्यांच्या शेजारच्या सीटवर त्यांचा पांढरा दुपट्टा नीट पसरलेला होता, जसा लग्नात नवरदेवाच्या पाटावर पसरतात तसा. त्या दुपट्ट्यावरून एका माणसाशी त्यांचं जुंपलेलं होतं.

"कोनाची शीट हाये हे?" तो माणूस विचारत होता.

"माह्या नातीची."

मागून त्यांच्याच गावचा एक जण म्हणाला, "आबाजी, तुमचा त एकच नातू हाये, तो बी पुण्याले. नात कवा झाली?"

"आज झाली. तुले काय बारशाचं आवतन पायजे होतं?"

मी बसले. दुपट्टा घडी करून त्यांच्या हातात दिला. ते खिडकीतून बाहेर पाहत म्हणाले, "हे पाय. जातांनी शीट माही, येतांनी तुही. मले सकाळी बसल्याबिगर जमत नाई, गुडघे बोंब मारतात. अन् डेपोत मले दिवसभर काम नाई. गाडी लागाच्या आधीच मी फलाटावर असतो. हाये कबूल?"

मी म्हटलं, कबूल.

तेव्हापासून परीक्षेपर्यंत मी सकाळी उभी आणि संध्याकाळी बसून. आबाजींचं दुपारचं जेवण चुकू लागलं, तर आई सकाळीच त्यांच्या हातात भाकर आणि भाजी बांधून द्यायला लागली. बाजारात एकदा त्यांची सून आईला भेटली आणि म्हणाली, "तुमच्या पोरीले लवकर पास करा वं बाई. आमचा म्हातारा आता दिवसभर घरी दिसत नाई." मग जरा थांबून म्हणाली, "तसं बरंच हाये म्हना." दोघी खूप हसल्या.

मी मांडीवर वही घेऊन षटकोनी कडी काढायची. रस्त्याला खड्डे असल्यामुळं कडी वाकडी यायची, पण यायची. पलीकडच्या बाईनं एकदा वाकून पाहिलं. "हे काय वं, मधमाशाचं पोयं काय?" मी तिला बेंझीन समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे पोयंच."

राहता राहिला एक प्रश्न. त्या गाडीतही म्हातारी माणसं चढायची, आणि ती चढली की माझे पाय आपोआप उठायला लागायचे. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आबाजींनी माझा खांदा खाली दाबला आणि मागं वळून मोबाइल पाहत बसलेल्या एका पोट्ट्याला हाक मारली, "ए मोबाइल. ऊठ. आजीले बसू दे." पोट्टा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिले काऊन नाई उठवत?" आबाजी म्हणाले, "हिच्या मांडीवर पुस्तक हाये. तुह्या मांडीवर काय हाये?" पोट्टा उठला.

इथं मला एक गोष्ट कळली. कॉलेजची पोरगी कोणाला ऊठ म्हणू शकत नाही. ती फार तर स्वतः उठू शकते. म्हणून ज्यांना लहानपणी शिकवलेलं असतं तेच रोज उठतात आणि ज्यांना शिकवलेलं नसतं ते रोज बसतात. आबाजी म्हणू शकत होते, आणि त्यांनी ते काम मनावर घेतलं. हळूहळू चारच्या गाडीत नियमच पडून गेला. पुस्तकवाल्यांनी बसायचं, मोबाइलवाल्यांनी उठायचं. मग पोट्टेही पुस्तकं आणायला लागले. एकानं भावाचं दहावीचं भूगोलाचं पुस्तक मांडीवर उघडून ठेवलं होतं. तो स्वतः इंजिनिअरिंगला होता. आबाजींनी पाहिलं आणि म्हणाले, "वाचून राहिला न? मंग मोठ्यानं वाच. आमाले बी ऐकू दे." पोट्ट्यानं भातकुली येईपर्यंत ब्राझीलच्या जंगलावरचा धडा मोठ्यानं वाचला. कोणी तरी मागून विचारलं, "तिकडं पराटी होते काय?" पराटी म्हणजे तुमची कपाशी. त्यालाही त्यानं पुस्तकात पाहून उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी तो आपणहून उभा राहिला.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. शेवटचा पेपर रसायनशास्त्राचा, आणि त्यात ते कडं आलं. मी ते इतक्या वेळा हलत्या गाडीत काढलेलं होतं, की स्थिर बाकावर ते फार सरळ आलं. मलाच ओळखू येईना.

निकाल लागला तेव्हा कॉलेज पुन्हा सुरू झालं होतं आणि मी डेपोत होते. मोबाइलवर पाहिला. मागचे दोन सुटले आणि नव्या सत्राचेही सगळे सुटले. चारच्या गाडीत आबाजी दुपट्टा पसरून बसलेले होते. मी म्हटलं, "आबाजी, सुटली." त्यांनी विचारलं, "सारे?" मी म्हटलं, "सारे." त्यांनी दुपट्टा उचलला, खांद्यावर टाकला आणि कंडक्टरला म्हणाले, "भाऊ, आमची पोट्टी पास झाली." मग सगळ्या गाडीनं मला विचारलं, किती टक्के. मी सांगितले. मी ते आजही कोणी विचारलं तर सांगते, आणि कोणी न विचारताही सांगते.

बाबा वावरात भाजीला पाणी देत होते. मी बांधावरून सांगितलं. त्यांनी फावडं ठेवलं, हात धुतले, आणि तसेच मोठेबाबांच्या घरी निघाले. मोठ्या भावापुढं कधी न बोलणारे बाबा दारातूनच बोलले, "सोयरीकवाल्याइले नाई म्हनून सांगा. पोरगी शिकते." मोठेबाबांनी बरं म्हटलं. त्यांनी दिलेला शब्द पाळला, हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते.

मी बी.एस्सी. पूर्ण केलं, त्यानंतर एकही विषय राहिला नाही. आता मी अकोल्याला माती तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेतलेली मी पहिली.